परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचाय, पण कोर्टात भांडायचं नाहीये. वकील, मीडिएटर, सीए यांच्याकडे कुठल्या क्रमाने जायचं?

केतकीपान
नमस्कार मंडळी. आयडी नवा आहे, वाचक जुनी आहे, कारण समजून घ्या.

लग्नाला तेरा वर्षं झाली, मुलगी चौथीत आहे. पुण्यात राहतो, दोघंही नोकरी करतो, फ्लॅट दोघांच्या नावावर आणि लोनसुद्धा दोघांच्या नावावर, ते अजून बरंच बाकी आहे. मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरं माणूस नाही, त्यामुळे घरच्यांना कारणच कळत नाहीये, "मग प्रॉब्लेम काय आहे" हे ऐकून ऐकून कान किटले. दीड वर्षाच्या वर झालं, एकाच घरात दोन वेगळ्या खोल्यांत राहतोय, जेवणाच्या वेळासुद्धा वेगळ्या. वेगळं व्हायचं यावर आमचं एकमत आहे, नवऱ्याच्या भाषेत एवढ्या एकाच गोष्टीवर आहे.

आता प्रश्न. हे कोर्टाबाहेर होतं का? नात्यातल्या एका काकांनी सांगितलं की पाचशेच्या स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलं की झालं, पूर्वी शंभरच्यावर व्हायचं म्हणे. दुसरं म्हणजे वकील एक करायचा की दोन? एका वकिलांना भेटून आले, त्यांनी अर्ध्या तासात मला सासरच्यांवर काय काय केस टाकता येतील त्याची यादी सांगितली, मी म्हटलं अहो मला कुणावर काही टाकायचं नाहीये, तर म्हणाले "प्रेशरसाठी लागतं". मी उठून आले. मीडिएटर, समुपदेशक, सीए असे सगळे मिळून काम करतात असं ऐकलंय, तसं आपल्याकडे कुणी केलंय का? खरे अनुभव हवेत. "जुळवून घ्या" कृपया नको, ते सगळं करून झालंय.

नाना_सोलापूर
बाई, नको म्हणालीस तरी वडीलकीच्या नात्याने एकदा सांगतो, लेकरू लहान आहे, आणखी एकदा विचार करा. आमच्या वेळी नव्हती का भांडणं? असो. सांगितलं, आता गप्प बसतो.

भटकभवानी
नाना, तुमच्या वेळी भांडणं होती आणि बायकांना जायला जागा नव्हती, एवढाच फरक. असो.

केतकी, त्या वकिलाकडून उठून आलीस ते उत्तम केलंस.

काळाकोट
मी वकिली करतो, फॅमिली मॅटर्स बरीच बघतो. हा सल्ला नाही, माहिती आहे, तुमच्या केसचे कागद बघितल्याशिवाय कुणीच सल्ला देऊ नये.

आधी स्टँपपेपरचं. पाचशेचा असो नाहीतर पाच हजारांचा, नोटरी करून हिंदू लग्न मोडत नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड चालतो आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये त्याला जागा आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, ते तुमच्या कामाचं नाही. नोटरीवाल्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर पहिलं कायद्याने उभंच असतं, आणि मग जे होतं ते मी दर वर्षी ऑफिसात बघतो.

म्हणजे शिक्का कोर्टाचाच लागणार. पण कोर्टात *भांडायला* जायची गरज नाही. कलम १३बी, परस्पर संमती, १९७६ च्या दुरुस्तीने आलं. दोघांनी मिळून अर्ज करायचा. अट अशी की अर्जाच्या आधी किमान एक वर्ष वेगळे राहत असायला हवेत. आणि वेगळं राहणं म्हणजे वेगळा पत्ता असं नाही, नवरा-बायको म्हणून राहत नसणं, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलंय, एका छताखाली असलात तरी चालतं. तुमचं दीड वर्ष त्यात बसतं.

मग पहिला अर्ज, आणि त्यानंतर सहा महिन्यांपासून अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा दोघांनी येऊन "हो, आमचं अजून तेच म्हणणं आहे" असं सांगायचं. मधले सहा महिने माफ होऊ शकतात, २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने. त्यासाठी अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असावं, समेटाचे प्रयत्न होऊन फसलेले असावेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे *खरोखर* मिटलेलं असावं. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने तसा अर्ज देता येतो. देणं न देणं जजसाहेबांच्या हातात, हक्क म्हणून मागू नका.

साखरझोप
म्हणजे कोर्टात दोनदाच जायचं?

काळाकोट
साधारण तसं. शिवाय फॅमिली कोर्टातल्या विवाह समुपदेशकांकडे जावं लागतं, ते दोघांशी वेगळं आणि एकत्र बोलतात, कुणी दबावाखाली सही करतंय का ते बघतात. बायका रडल्या की समुपदेशक केस थांबवतात असा गैरसमज आहे, तसं काही नसतं.

वाकडेवाडीकर
माझा अनुभव लिहितो, पुरुषाच्या बाजूने. आमचं चार वर्षांपूर्वी झालं, मुलगा तेव्हा सहा वर्षांचा.

आम्ही सुरुवातीला दोघांनी बसून एक्सेल बनवली, मी आयटीवाला, दुसरं काय करणार. घर, गाडी, एफडी, सोनं, सगळं. दोन रविवार छान चाललं आणि तिसऱ्या रविवारी सोन्यावरून असं पेटलं की बोलणंच बंद झालं. तिचं म्हणणं पाटल्या आणि बोरमाळ तिच्या आईची, माझी आई म्हणे पाटल्या आम्ही घातल्या. मग एका मैत्रिणीच्या ओळखीने एक मीडिएटर मिळाल्या, रिटायर्ड आहेत, रीतसर ट्रेनिंग घेतलेल्या. त्यांनी पहिलं काय केलं असेल तर एक्सेल बंद करायला लावली. म्हणाल्या, आधी मला सांगा मुलगा सोमवारी सकाळी कुणाच्या घरातून शाळेत जाणार. आणि आम्ही दोघं गप्प, कारण त्यावर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो, सोन्यावर मात्र तासभर भांडलो होतो.

तिथून क्रम बदलला. आधी मुलगा, मग राहायची जागा, मग दर महिन्याचे पैसे, मग मालमत्ता, आणि सोनं सगळ्यात शेवटी. शेवटी आल्यावर सोन्याचा विषय दहा मिनिटांत संपला. स्त्रीधन तिचंच असतं, माहेरचं असो की सासरने घातलेलं असो, हे मीडिएटरबाईंनी माझ्या आईला फोनवर समजावून सांगितलं आणि आई ऐकली, माझं तिने कधीच ऐकलं नसतं.

केतकीताई, तुम्ही क्रम विचारलाय म्हणून सांगतो, वकील शेवटी. आधी मीडिएटर, मध्ये सीए, मग वकिलाने फक्त लिहायचं.

काळाकोट
वाकडेवाडीकर, "फक्त लिहायचं" म्हणजे आम्ही काय टायपिस्ट का? :) पण क्रमाबद्दल सहमत. फक्त एक करा, मीडिएटरकडे जायच्या *आधी* प्रत्येकाने एकदा आपापल्या वकिलाला तासभर भेटून आपला हक्क काय आहे ते समजून घ्या. मग त्यातलं काय सोडायचं ते खुशाल सोडा. हक्क माहीत नसताना सोडलेली गोष्ट दोन वर्षांनी टोचते, आणि तेव्हा तो राग आधीच्या जोडीदारावर निघतो.

भटकभवानी
हे मोठ्या अक्षरात लिहा कुणीतरी. मी स्वयंसेवी कामात बायकांच्या केसेस बघते, आणि या "सामोपचार" शब्दाची मला जरा धास्तीच वाटते. बाई थकलेली असते, "मला काही नको, फक्त सोडवा" म्हणते, आणि तेच मग कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या कागदात, छापलं जातं. पोटगी सोडली, घर सोडलं, वर पोरांचा खर्चही सोडला. अगं पण पोरांचा खर्च तुझा नाहीच सोडायला! तो मुलांचा हक्क आहे, आईने सही केली तरी मुलांचा हक्क जात नाही.

आणि जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, बाई नवऱ्यासमोर तोंड उघडत नाही, तिथे एका टेबलाशी बसवून मध्यस्थी करूच नये. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, आधी ते. केतकीच्या बाबतीत तसं नाही म्हणतेय ती, म्हणून ठीक. पण हा धागा दुसरंही कुणी वाचत असेल.

आकडेमोड
सीएचा उल्लेख आला म्हणून दोन पैसे टाकतो.

१. दोघांनी एकमेकांना सगळी मिळकत आणि देणी दाखवा. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगीच्या केसेससाठी मालमत्ता आणि देण्यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना ठरवून दिलाय. तुमचं भांडण नसलं तरी तोच नमुना भरा. पगार, बोनस, शेअर्स, क्रेडिट कार्डचं कर्ज, आईवडिलांवरचा खर्च, सगळे रकाने त्यात आहेत. सहसा लोक एफडी लपवत नाहीत, ते कंपनीचे शेअर्स विसरतात. "विसरतात."

२. एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम मानली जाते, तिच्यावर सहसा टॅक्स लागत नाही. दरमहा येणारी पोटगी मात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. रक्कम ठरवण्याआधी हे सीएला विचारा, ठरवल्यावर नको.

३. फ्लॅट. इथे खरी मेख आहे. नवरा त्याचा हिस्सा तुम्हाला देणार असेल तर महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक सेस वगैरे वेगळे. पण हे *बायकोला* दिलं तर! डिक्रीनंतर, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर, तुम्ही बायको नसता. आणि बक्षीसपत्राऐवजी हक्कसोडपत्र केलंत तर स्वतः विकत घेतलेल्या फ्लॅटला रजिस्ट्रेशनवाले बाजारभावावर शुल्क लावून बसतात. म्हणजे नुसता कागदाचा प्रकार आणि तारीख चुकली की काही लाखांचा फरक. तुमच्या सब-रजिस्ट्रार ऑफिसचं काम करणाऱ्या चांगल्या वकिलाकडून आधी मसुदा तपासून घ्या.

केतकीपान
बाप रे, हे बक्षीसपत्राचं कुणीच सांगितलं नव्हतं. पण लोन आहे ना फ्लॅटवर? घर मी ठेवायचं आणि हप्ते मी भरायचे असं आमचं ठरतंय.

आकडेमोड
मग आधी बँक. तुमच्यात काहीही ठरो, कन्सेंट टर्म्समध्ये काहीही लिहा, बँक त्या कागदाला बांधील नाही. तिच्या लेखी दोघंही कर्जदार. उद्या तुमचा एक हप्ता चुकला तर त्याचा सिबिल जाणार, आणि तो पाच वर्षांनी दुसरं घर घ्यायला गेला की हे लोन त्याच्या नावावर दिसणार. एकट्या तुमच्या पगारावर लोन बसतंय का ते बँकेला विचारा, बसत नसेल तर दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करून बघा, आणि बक्षीसपत्राला बँकेची एनओसी घ्या. हे आधी, अर्ज नंतर. मग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महावितरणचं बिल.

आणि मेडिक्लेम! नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीत असाल तर डिक्रीनंतर बाहेर. आत्ताच स्वतःची घ्या, जुन्या आजारांना वेटिंग पिरियड असतो.

साखरझोप
दोन पैसे टाकतो म्हणून दोन लाखांचं टाकलंत की राव.

मिनियापोलिसची_मावशी
केतकी, तू जे वकील, समुपदेशक, सीए एकत्र म्हणतेयस त्याला इकडे कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स म्हणतात, आणि ते सुरू झालं आमच्याच गावात. स्टुअर्ट वेब नावाच्या इथल्या वकिलाने १९९० मध्ये ठरवलं की आपण यापुढे घटस्फोटासाठी कोर्टात भांडायचंच नाही, फक्त तडजोडीचं काम घ्यायचं. त्यातली मुख्य मेख अशी की दोघांचेही वकील सुरुवातीलाच लिहून देतात, हे फिसकटून कोर्टात लढाई सुरू झाली तर आम्ही दोघंही बाजूला होऊ, तुम्ही नवे वकील करा. त्यामुळे वकिलाला भांडण पेटवण्यात काहीच फायदा उरत नाही, उलट हातचं काम जातं. चौघं एका टेबलाशी, पैशांसाठी एकच तटस्थ माणूस, मुलांसाठी एकच तटस्थ माणूस. माझ्या धाकट्या दिराचं असंच झालं. स्वस्त नाही हं, तासावर पैसे मोजतात सगळे, पण खटल्यापेक्षा बरंच कमी.

भारतात तसाच करार करणारे वकील मिळाले तर बघ, नाहीतर तुमच्या दोघांच्या वकिलांकडून तेवढं एक वाक्य लिहून घे. नाही म्हणाले तरी काहीतरी कळलंच.

अजून एक, इकडच्या मराठी पोरापोरींसाठी. लग्न पुण्यात हिंदू पद्धतीने आणि घटस्फोट इकडच्या कोर्टात घेतला तर भारतात तो चालेलच असं नाही. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये त्याचे नियम घातलेत. एकाने गपचूप इकडे केस टाकून डिक्री मिळवली असेल तर दुसऱ्याला भारतात ती नाकारता येते. दोघांच्या संमतीने असेल तर गोष्ट वेगळी.

काळाकोट
बरोबर. आणि परदेशात राहून भारतात परस्पर संमतीचा अर्ज करायचा असेल तर कुलमुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉलवर संमती चालते, २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने हे स्पष्ट केलंय. तेव्हा स्काइप होतं, आता काहीही चालतं.

मावशींनी म्हटलेलं वकिलांनी बाजूला व्हायचं कलम मला स्वतःला आवडतं. मी दोन केसेसमध्ये लिहून दिलंय. समोरच्या वकिलांनी आधी मला वेड्यात काढलं.

बोलघेवडा
म्हणजे वकील, मीडिएटर, समुपदेशक, सीए, एवढ्यांना पैसे द्यायचे? यापेक्षा भांडण स्वस्त. एवढ्यात दुसरं लग्न होईल.

वाकडेवाडीकर
बोलघेवडा, माझ्या आत्तेभावाची केस नऊ वर्षं चालू आहे. विचारून सांगतो किती स्वस्त पडलं.

आणि पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे ना. बायकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कोर्टात केस टाकायच्या आधीसुद्धा तिथे मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो. तिथला मीडिएटर आपल्याला निवडता येत नाही आणि वेळही कमी मिळतो, हे खरं, पण आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचं तिथेच छान मिटलं.

भटकभवानी
आणि मध्यस्थीत जे बोलणं होतं ते गोपनीय असतं, उद्या फिसकटलं तर "तेव्हा तू असं कबूल केलं होतंस" म्हणून कोर्टात वापरता येत नाही. हे कळलं की लोक मोकळे बोलतात.

टक्केवारी मागणारा वकील दिसला तर पळ काढा. पोटगीतले इतके टक्के माझे, असं घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. आणि "तीस दिवसांत घटस्फोट" अशा जाहिराती करणाऱ्या वेबसाइट्सपासूनही लांब.

चिंचगुळाची_आमटी
मी मुलांची समुपदेशक आहे, शाळांमध्ये काम करते. मुलीबद्दल कुणी फार बोललं नाही म्हणून लिहिते, जरा लांबेल.

चौथीतल्या मुलीला सगळं माहीत असतं. दीड वर्षं बाबा दुसऱ्या खोलीत झोपतात हे तिला कळत नसेल असं समजू नका, ती फक्त विचारत नाही. सांगायचं ते दोघांनी एकत्र बसून, एकदाच, आणि तिला पहिल्यांदा ठोस गोष्टी सांगा: शाळा हीच, घर हेच, बाबा अमुक ठिकाणी राहणार, शुक्रवारी संध्याकाळी ते न्यायला येणार. "आम्ही तुझ्यावर तितकंच प्रेम करतो" हे म्हणाच, पण मुलं त्या क्षणी डोक्यात हिशोब करत असतात की माझी सायकल कुठल्या घरी राहणार. आणि तिला कुठे राहायचंय ते विचारून तिच्यावर निवड टाकू नका.

मग पेरेंटिंग प्लॅन, म्हणजे मुलीचं कोण, कधी, काय करणार त्याचा कागद. लॉ कमिशनने २०१५ च्या २५७ व्या अहवालात दोघांच्या संयुक्त ताब्याची शिफारस केलीय, पण ते कायद्यात नीट आलेलं नाही, त्यामुळे तुमचा कागद तुम्हीच बारकाईने लिहा. "वडिलांना योग्य वेळी भेटता येईल" हे वाक्य कन्सेंट टर्म्समध्ये दिसलं की मला घाम फुटतो. योग्य म्हणजे काय? गौरी-गणपतीत कोकणातल्या आजोबांकडे कोण नेणार? दिवाळीतला पाडवा कुणाकडे, भाऊबीज कुणाकडे, मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी म्हणजे कुठल्या तारखेपासून? वाढदिवस शाळेच्या दिवशी आला तर? पालकसभेला दोघंही जाणार का? पासपोर्टच्या फॉर्मवर सहसा दोघांच्या सह्या लागतात, परदेशी सहलीला एकाने नाही म्हटलं तर काय? आजारी पडली तर फोन किती वेळात करायचा? दोघांपैकी कुणी दुसऱ्या शहरात गेलं तर? फी दर वर्षी वाढते, मग फक्त रक्कम लिहायची की टक्के? बारावीनंतरचं काय, कागदात अनेकदा पोटगी अठरापर्यंतचीच लिहितात आणि खरा खर्च तेव्हाच सुरू होतो.

आणि दोन्हीकडच्या आज्या. त्यांचं नाव कागदात नसतं आणि मग त्या गेटवर भांडतात.

नाना_सोलापूर
हे आजीचं बरोबर लिहिलंत. माझ्या नातवाला मी दोन वर्षं पाहिलं नव्हतं, कुणी कागदावर लिहिलंच नाही म्हणून. मुलगा म्हणे बाबा आता काय करणार. लिहा ताई, आजी-आजोबांचा दिवस लिहा.

भटकभवानी
नाना... तुम्ही आधी हे सांगायला हवं होतंत हो. सुरुवातीला जरा जोरात बोलले, राग मानू नका.

गोंयकार_पोरगो
आमच्या गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी, पोर्तुगीज काळापासूनचा कायदा. त्यामुळे निदान वाटणीची सुरुवात कुठून करायची यावर भांडण होत नाही. बाकी सगळ्यावर होतं, ते सांगायला नको.

आकडेमोड
महाराष्ट्रात तसं नाही, ज्याच्या नावावर त्याचं, आणि मग पोटगी. घराचे हप्ते एकाने भरले आणि किराणा, फी, बाई, भाजी दुसऱ्याने भरली तर कागदावर दुसऱ्याचं काहीच दिसत नाही. वाटणीत हे मोजायला मीडिएटरला सांगा.

केतकीपान
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्यालाच हा धागा वाचायला दिला. त्याने बराच वेळ वाचला आणि म्हणाला, पाडवा तुझ्याकडे, भाऊबीज माझ्याकडे, माझ्या बहिणीकडे जायला मिळेल तिला. कागदाआधीच एक मिटलं.

त्याने एक शंका काढलीय, ती विचारते. पहिल्या अर्जानंतर मधल्या सहा महिन्यांत एकाने मत बदललं तर? आपण घर नावावर करून बसायचं आणि समोरचा दुसऱ्या तारखेला आलाच नाही तर काय?

काळाकोट
चांगला प्रश्न, आणि तुमच्या नवऱ्याच्या जागी मीही तोच विचारला असता. संमती डिक्रीच्या दिवसापर्यंत टिकावी लागते. कुणीही मधे मागे घेऊ शकतं, त्याला जबरदस्तीने घटस्फोट देता येत नाही. म्हणून देवाणघेवाण टप्प्यांत बांधतात. रक्कम असेल तर काही पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेली दुसऱ्या तारखेला कोर्टातच डिमांड ड्राफ्टने. घराचं तसं अर्धं करता येत नाही. बक्षीसपत्र डिक्रीच्या आधी करायचंय, पण फार आधी नको, त्यामुळे अनेकदा दुसऱ्या तारखेच्या जेमतेम आधी रजिस्टर करतात, आणि त्याबद्दलचं हमीपत्र कन्सेंट टर्म्समध्ये असतं. कोर्टात दिलेली हमी मोडली तर अवमानाचा विषय होऊ शकतो, हेही दोघांना कळलेलं बरं. सहा महिने माफ झाले तर ही मधली जागाच आटते, म्हणून तुमच्यासाठी तो अर्ज महत्त्वाचा. मागच्या दीड वर्षाचं वेगळं राहणं अर्जात नीट लिहा, कधीपासून, कसं. एकाच घरात आहात म्हणून जास्तच नीट.

अर्ज कुठे, तर जिथे लग्न लागलं, जिथे शेवटचं एकत्र राहिलात, किंवा बायको जिथे राहते तिथे. तुमचं सगळं पुण्यातच, म्हणजे शिवाजीनगरचं फॅमिली कोर्ट.

आणि वकील एक की दोन, हे राहिलंच. कागद एकाने लिहावा, दुसऱ्याने वाचावा. दोघांचा मिळून एकच वकील असला तर काम होतं, पण उद्या तुमच्यात मतभेद झाला तर तो कुणाचा?

वाकडेवाडीकर
आमच्यात माझ्या वकिलांनी लिहिलं आणि तिच्या वकिलांनी तीन कलमं बदलली. तिन्ही मुलाच्या फायद्याची होती, माझ्या लक्षातही आली नव्हती.

केतकीपान
ठरलं मग. पुढच्या आठवड्यात दोघं आपापल्या वकिलाला एकदा भेटणार, मग मीडिएटर (वाकडेवाडीकर, खासगी निरोप पाठवते), त्याच वेळी बँक. सीए माझ्या भावाचा मित्र आहे, तो नको असं नवरा म्हणाला, बरोबर आहे त्याचं, तिसरा शोधतो.

शेवटचं, आडनाव. माझं सगळं सासरच्या नावाने आहे, पगार, पॅन, पासपोर्ट, पीएफ. बदलावंच लागतं का? आणि मुलीचं?

काळाकोट
तुमचं बदलायची सक्ती नाही. अनेकजणी नोकरीमुळे तेच ठेवतात, काहीजणी मधलं नाव तेवढं बदलतात. बदलायचं ठरलं तर डिक्री आणि राजपत्र, मग पॅन, आधार, बँक, पीएफ, आधी एक पूर्ण होऊ द्या मग दुसरं. पासपोर्टवरून जोडीदाराचं नाव काढायला डिक्रीची प्रत लागते. मुलीच्या नावात काही बदलत नाही, शाळेला फक्त पेरेंटिंग प्लॅनमधला न्यायला-आणायला कोण येणार तो भाग कळवा.

भटकभवानी
आणि डिक्रीच्या सर्टिफाइड कॉप्या एकदम चार-पाच काढून ठेव. प्रत्येक ऑफिस ओरिजिनल मागतं, आणि पीएफवाले तर ठेवूनच घेतात. नॉमिनी पण बदला दोघांनी, विमा, पीएफ, डीमॅट, लॉकर. लॉकर सगळे विसरतात.